पुढच्या गाडीला चिकटून चालवल्याचे चलान : काय वाचावे, केव्हा भरावे, केव्हा लढावे

इंग्रजीत ज्याला टेलगेटिंग म्हणतात त्याला मराठीत एका शब्दाचे नाव नाही. आपण म्हणतो, "अगदी मागे चिकटून चालवत होता." हाच प्रकार चलानवर शोधू गेले तर तोही सहसा या नावाने सापडत नाही. तिथे एक कलम आणि दोन-तीन इंग्रजी शब्द असतात. आपल्यापैकी बहुतेक जण कलम न वाचता थेट रकमेकडे पाहतात, भरून टाकतात किंवा विसरून जातात. या एका चलानाच्या बाबतीत दोन्ही महागात पडू शकते, म्हणून हा लेख.

आपला जिल्हा हद्दीवरचा. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्याकडून येतो आणि आदिलाबाद, गुडीहतनूर, इचोडा, नेरडीगोंडा करत निर्मळकडे जातो. सोयरीक इकडची-तिकडची, दवाखाना नागपूरचा, सरकारी काम हैदराबादचे. त्यामुळे एकाच महिन्यात दोन राज्यांच्या पोलिसांची चलाने एकाच गाडीवर येणे ही आपल्याकडे नवलाई नाही. त्यात कापसाचा हंगाम आला की मार्केट यार्डाकडे निघालेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, बऱ्याचशा मागच्या दिव्याविना. वर आदिलाबादची थंडी आणि पहाटेचे धुके. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवण्याचा प्रश्न आपल्याला पुस्तकी वाटू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

नियम काय म्हणतो

१९८९ च्या रस्ते नियमावलीत २३ वा नियम होता. त्याचा आशय असा, की मागच्या चालकाने इतके अंतर ठेवावे की पुढची गाडी अचानक मंदावली किंवा थांबली तरी टक्कर होऊ नये. त्याच्या पुढचा २४ वा नियम पुढच्या चालकासाठी होता : सुरक्षिततेची गरज असल्याशिवाय एकाएकी ब्रेक मारू नये. २०१७ मध्ये ती नियमावली जाऊन मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम आले, पण या दोन्ही गोष्टी त्यातही आहेत.

नियमात मीटर किंवा फूट दिलेले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गाडीचा वेग, रस्ता ओला की कोरडा, गाडी रिकामी की भरलेली, यावर अंतर ठरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. ताशी ६० ने जवळजवळ १७ मीटर, ४० ने ११ मीटर. पुढचा लाल दिवा दिसल्यापासून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातोच. म्हणजे ८० च्या वेगाला गाडी मंदावायला सुरुवात होण्याआधीच २२ ते ३३ मीटर संपलेले असतात.

याचा सोपा हिशोब सेकंदात करतात. पुढची गाडी एखादा खांब किंवा झाड ओलांडते तिथून मोजायला लागायचे. आपण त्याच खांबाशी किमान तीन सेकंदांनी पोहोचलो पाहिजे. रात्री, पावसात, घाटात त्याहून जास्त. सावकाश दोनदा "रामकृष्ण हरी" म्हटले की साधारण तेवढा वेळ होतो. घड्याळ लावून आपला वेग एकदा तपासून घ्यावा, कारण काही जण फार झपाट्याने म्हणतात.

चलानवरचे कलम

बँकेत चेक हातात आला की आम्ही आधी तारीख, मग नाव, मग अंकी आणि अक्षरी रक्कम, मग सही पाहत असू. चलानही असेच क्रमाने वाचावे : गाडीचा नंबर, तारीख-वेळ-ठिकाण, कलम, फोटो, आणि शेवटी रक्कम.

कलमाचे साधारण तीन प्रकार संभवतात. पहिले कलम १७७, म्हणजे ज्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा कुठल्याही उल्लंघनाचे. यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत दंड. दुसरे कलम १७७-ए, ड्रायव्हिंग विनियम मोडल्याबद्दलचे. त्यात ५०० ते १,००० रुपये. अंतर न ठेवण्याचे स्वाभाविक कलम खरे तर हेच. आणि तिसरे कलम १८४ : धोकादायक वाहन चालवणे.

या तिसऱ्यापाशी थांबायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि खरा फटका दंडापेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. कलम २०६ (४) प्रमाणे १८४ च्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन खात्याकडे पाठवू शकतो आणि कलम १९ खाली ते पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकते, दुसऱ्याला रद्द होऊ शकते. आपल्या समाजात लॉरी, जीप, ऑटो चालवून घर चालवणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हजार रुपये आणि तीन महिन्यांची बंद कमाई यात किती अंतर आहे हे सांगायला नको. परिवहन खात्याला असा आदेश काढण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ती नोटीस आली तर हजर राहावे, घरात ठेवून देऊ नये.

आता जागेवर किंवा फोनवरून रक्कम भरतो तेव्हा काय होते? त्याला कायद्यात तडजोड म्हणतात, कलम २००. भरले की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. म्हणून लोकांना वाटते की विषय संपला. पण २०१९ पासून त्याच कलमात जोडले आहे की तडजोड केलेला गुन्हाही पुढच्या वेळी "आधीचा गुन्हा" म्हणून मोजला जाईल, आणि भरल्यामुळे लायसन्सवरची कारवाई टळत नाही. म्हणजे पाचशे-हजाराच्या कंटाळ्याने १८४ चे चलान भरणारा माणूस स्वतःच्या खात्यावर पहिली नोंद स्वतःच करून घेतो.

माझे मत विचाराल तर १७७ किंवा १७७-ए असेल आणि चूक झालेली असेल तर भरून टाकावे, वकिलाच्या फीपेक्षा ते स्वस्त. १८४ असेल तर रक्कम कितीही लहान दिसो, फोटो आणि तारखा पाहिल्याशिवाय भरू नये.

एकाच गुन्ह्याची रक्कम महाराष्ट्रात वेगळी आणि तेलंगणात वेगळी का, हा प्रश्न नेहमी येतो. तडजोडीचा दर राज्य सरकार ठरवते, म्हणून. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू केले.

तारखांचे गणित

कलम २०९ फार थोड्यांना माहीत असते. १८३ (वेग) आणि १८४ या दोन कलमांखाली शिक्षा व्हायची असेल तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते. गुन्हा घडला तेव्हाच चालकाला खटल्याचा विचार होईल अशी ताकीद दिलेली असावी. किंवा १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचा प्रकार, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला वा नोंदणीकृत मालकाला बजावलेली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असावी. किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. नाव-पत्ता प्रयत्न करूनही मिळाला नाही किंवा आरोपीनेच टाळाटाळ केली तर मात्र ही सवलत नाही. म्हणूनच आर.सी.वरचा पत्ता जुना असेल तर तो आधी बदलून घ्यावा. घर बदलून दहा वर्षे झाली आणि आर.सी.वर अजून जुन्या गल्लीचा पत्ता, अशी उदाहरणे आपल्यात भरपूर आहेत.

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यासाठी वेगळा नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १६७-ए, ऑगस्ट २०२१ पासूनचा. त्यात नोटीस १५ दिवसांत पाठवायची आहे. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र सोबत हवे. यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते. चलानाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवण्याची जबाबदारीही सरकारची आहे. यांतल्या प्रत्येक गोष्टीची प्रत मागता येते.

रस्त्यात अडवून चलान दिले असेल तर प्रसंग वेगळा. अधिकाऱ्याने तिथेच सांगितले, तुम्ही ऐकले, की कलम २०९ ची पहिली अट पूर्ण झाली. तिथे वाद घालून काही साधत नाही. कागदपत्रे मागितली तर दाखवावीत, डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली चालतात. ठिकाण, वेळ, पुढच्या गाडीचा नंबर लगेच लिहून ठेवावा, संध्याकाळपर्यंत आठवण पुसट होते.

लढायचे असेल तर कशावर

सर्वांत मजबूत कारण म्हणजे गाडीच आपली नसणे. नंबरातला एक आकडा चुकीचा वाचलेला असतो आणि फोटोत आपल्या पांढऱ्या गाडीऐवजी भलतीच लाल गाडी असते. हे अर्जाने सुटते, कोर्टाची गरज पडू नये. हद्दीवरच्या आपल्या भागात दुसरे कारण विकलेल्या गाडीचे. गाडी पैनगंगेपलीकडे विकली, पैसे आले, चावी दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरेच दिले, आणि चार वर्षांनी चलाने आपल्या फोनवर. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचे असते. त्याची पोच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर विक्रीचा कागद, बँकेत आलेली रक्कम, विमा बदलल्याची तारीख, जे असेल ते जोडावे. गाडी मुलाने किंवा ड्रायव्हरने चालवली असेल तर पोलिसांनी विचारल्यावर त्याचे नाव-पत्ता देणे मालकाला कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. "मला माहीत नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

अंतराच्या चलानात खरी मेख फोटोत असते. लांबून झूम करून काढलेल्या फोटोत दोन गाड्यांमधले अंतर प्रत्यक्षाहून फार कमी दिसते. क्रिकेटच्या प्रक्षेपणात बोलर आणि बॅट्समन हाताच्या अंतरावर दिसतात, तसेच. शिवाय एक फोटो म्हणजे एक क्षण. कोणी डावीकडून घुसून आपल्या पुढे आला त्याच क्षणी कॅमेरा टिपला गेला तर दोष कोणाचा? आणि चौकात ताशी १० किलोमीटरने सरकणाऱ्या गाड्यांमध्ये हातभर अंतर असते, तो गुन्हा नव्हे. म्हणून अर्जात विचारावे : दोन्ही गाड्यांचा वेग किती नोंदला आहे, अंतर कशाने मोजले, व्हिडिओ आहे का. कलम १८४ सिद्ध करायला "वाहन जवळ होते" एवढे पुरत नाही. रस्त्याची स्थिती आणि त्या वेळची रहदारी पाहता चालवणे लोकांना धोक्याचे होते, हे फिर्यादी पक्षाने दाखवायचे असते.

आपल्या गाडीत डॅशकॅम असेल तर त्याची मूळ फाइल मेमरी कार्डसकट बाजूला काढून ठेवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत पुरावा म्हणून दुबळी. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी हेच ६५-बी होते.

आता न टिकणारे कारण. "पुढच्याने अचानक ब्रेक मारला." दहापैकी नऊ जण हेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१८ च्या एका निकालात याची चर्चा केली आहे. ट्रकच्या मागे १० ते १५ फुटांवरून मारुती कार चालली होती, ट्रक एकाएकी थांबला, कार धडकली. न्यायालयाने वर सांगितलेल्या २३ व्या नियमाकडे बोट दाखवले आणि अंतर न ठेवणाऱ्या कारचालकाचा निष्काळजीपणा मानला. ट्रकच्या विम्याकडून नुकसानभरपाई मागणाऱ्या कुटुंबाचा ट्रकचालकाच्या निष्काळजीपणाचा दावा त्यामुळे टिकला नाही. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. ताशी ४० च्या वेगालाही ते अर्ध्या सेकंदाहून कमी.

पण पुढचा चालक नेहमीच सुटतो असेही नाही. कोइम्बतूरजवळ जानेवारी २०१७ मध्ये महामार्गावर एक कार कोणतीही खूण न देता थांबली, मागची मोटारसायकल तिच्यावर आदळली, तरुण खाली पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष वाटून दिला : कारचालक ५० टक्के, बस ३० टक्के, आणि स्वतः तो तरुण २० टक्के, कारण त्यानेही पुरेसे अंतर ठेवले नव्हते आणि त्याच्याकडे वैध लायसन्स नव्हते. एक पाय गमावलेल्या माणसाच्या भरपाईतून पाचवा हिस्सा गेला.

हे दोन्ही निकाल अपघाताच्या भरपाईचे आहेत, चलानाचे नाहीत. तरी सांगितले, कारण अपघातानंतर जागेवर मिळालेले चलान आणि भरपाईचा दावा हे पुढे एकाच टेबलावर येतात. मागून धडक झाली, कोणी जखमी आहे, आणि हातात १८४ चे चलान, अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय ते भरू नये. जखमी असतील तर बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हाही नोंदला जातो, मग विषय चलानाच्या पलीकडचा होतो.

अर्ज कुठे, कसा

तेलंगणाचे चलान असेल तर राज्य पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फोटो पाहता येतो. अर्ज आपल्या ट्रॅफिक पोलीस ठाण्यात लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. कलेक्टर कार्यालयातल्या सोमवारच्या प्रजावाणीत दिला तरी तो शेवटी पोलिसांकडेच वळणार. अर्ज तेलुगूत किंवा इंग्रजीत असावा. आपल्या मराठी शाळांतून शिकलेल्या ज्येष्ठांना हे अडचणीचे जाते, पण घरातल्या नातवंडांचे तेलुगू आता आपल्यापेक्षा चांगले आहे, त्यांना बसवावे. अर्ज एका पानाचा. चलान क्रमांक, गाडी क्रमांक, "हे चलान मला मान्य नाही", कारण दोन-तीन ओळींत, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, आणि मागितलेल्या प्रती. पोलीस कसे वागतात, देश कुठे चालला आहे, हे त्यात नको.

महाराष्ट्राचे चलान असेल तर त्यांच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर तक्रारीची सोय आहे, नागपूरला जावे लागत नाही. मुदत चलानवर किंवा नोटिशीवर छापलेली असते. नियमांत बदल होत राहतात, तेव्हा शेजाऱ्याने सांगितलेली मुदत धरू नये, छापलेली धरावी.

अर्ज फेटाळला आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर समन्स नीट वाचावे. त्यात गुन्हा कबूल करून पत्राने रक्कम पाठवण्याचा पर्याय दिलेला असू शकतो (कलम २०८). तिथे सही केली की लढाई संपली. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाखालील लोकांना १९८७ च्या कायद्याने तिथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत रक्कम कमी होऊन प्रकरण मिटते हे खरे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दोष मान्यच नसेल तर तो मार्ग आपला नव्हे.

राहिला सवलतीचा प्रश्न. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये थकीत चलानांवर दुचाकींना ७५ टक्के सूट दिली गेली, पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये ८० टक्के. तेव्हापासून तिसऱ्या सुटीची वाट पाहत चलाने साठवणारे आपल्यात बरेच आहेत. कर्जमाफीची वाट पाहत हप्ता थांबवणारे खातेदार आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, हा त्याचाच प्रकार. हेल्मेटच्या चलानात हा जुगार एखाद्याला परवडेलही. १८४ च्या चलानात मात्र नोटीस, समन्स आणि लायसन्स यांच्या तारखा कोणत्याही सुटीसाठी थांबत नाहीत.

आणखी एक. हल्ली व्हॉट्सअॅपवर "तुमचे चलान थकले आहे" असा निरोप आणि सोबत एक एपीके फाइल येते. ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात आणि थोड्या वेळात खाते रिकामे. पोलीस चलानासाठी कधीही अॅपची फाइल पाठवत नाहीत. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा, शेवटी "गव्ह डॉट इन" आहे ना पाहावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि त्यानंतर बँकेत जावे, उलट क्रमाने नाही. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.